जड अन्न कोणाच्या पानात वाढावे?

शास्त्रवाचन : नहेम्या ८:१-१२, २ शमुवेल १३:१-२२, इब्री ५:११-१४

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारची उपासना आटोपली होती. मंडळी पांगली, तरी एक भगिनी आवारात थांबून राहिल्या होत्या. जवळ येऊन त्यांनी पिशवीतून एक इंग्रजी कादंबरी काढली. नववीत शिकणाऱ्या त्यांच्या मुलीने ती शाळेच्या ग्रंथालयातून आणली होती. मधलीच चार पाने वाचून त्यांचे हातपाय गार पडले होते. त्यांनी विचारले, "भाऊ, हे पुस्तक काढून घेऊ, की तिच्याजवळ राहू देऊ?"

मी त्या दिवशी दिलेले उत्तर चुकले. ते कसे चुकले हे पुढे सांगेन; कारण त्या चुकीतूनच हा अभ्यास निघाला आहे.

आपली कुटुंबे आज पुण्या-मुंबईत आहेत, तशीच इंदूर, वडोदरा, हैदराबाद, बेंगळूर व दिल्ली येथेही आहेत. पुष्कळ घरांतील मुले इंग्रजी माध्यमात शिकतात, आणि ज्यांना इंग्रजीत 'यंग अ‍ॅडल्ट' म्हणतात अशा किशोरवयीनांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या त्यांच्या हाती सहज येतात. त्यांपैकी पुष्कळ निर्मळ व आनंददायक असतात. काहींत मात्र अत्याचार, क्रौर्य, व्यसन, आत्महत्या व निरुत्तर मरण यांचे काळोखे चित्रण असते. असे वाचन पेलण्यास कोण तयार आहे, आणि हे ठरवावे कसे? देवाच्या वचनाच्या प्रकाशात आपण याचा विचार करू या.

१. प्रश्न जुनाच आहे

कोणते लेखन कोणाच्या हाती द्यावे हा प्रश्न प्रथम आपल्या पिढीला पडला असे नाही. पूर्वजांनी तो पवित्र शास्त्राविषयीच विचारला होता. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या 'मिश्ना' या यहूदी ग्रंथात सभास्थानातील वाचनाचे नियम आहेत. इब्री पाठ वाचला जाई आणि लोकांना समजावा म्हणून त्याचे अरामी भाषांतर सांगितले जाई. रऊबेनाच्या दुष्कृत्याचा वृत्तांत (उत्पत्ती ३५:२२) वाचावा, पण त्याचे भाषांतर करू नये, असा तेथे नियम आहे. यहूदा व त्याची सून तामार यांचा वृत्तांत (उत्पत्ती ३८) मात्र वाचावा आणि त्याचे भाषांतरही करावे. दोन्ही वृत्तांत लज्जास्पदच आहेत. पण दुसऱ्यात अपराधी आपला अपराध कबूल करतो, हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे. यहेज्केलाने पाहिलेल्या रथाच्या दर्शनाविषयी तोच ग्रंथ सांगतो की, शिष्य शहाणा व स्वतःच्या बुद्धीने उमजणारा नसेल तर ते त्या एकट्यालाही शिकवू नये.

पवित्र शास्त्राचे लॅटिन भाषांतर करणारा जेरोम याने इ. स. ४०३ च्या सुमारास रोममधील लेता नावाच्या मातेस एक पत्र लिहिले. तिची चिमुकली कन्या पौला हिने शास्त्र कोणत्या क्रमाने वाचावे हे त्यात आहे. आरंभी स्तोत्रे, मग नीतिसूत्रे, उपदेशक व ईयोब. त्यानंतर शुभवर्तमाने, प्रेषितांची कृत्ये व पत्रे. पुढे संदेष्टे व इतिहासाचे ग्रंथ. आणि सर्वांत शेवटी गीतरत्न. या क्रमाकडे थोडे बारकाईने पाहा. ईयोबाचा आक्रोश शुभवर्तमानांच्याही आधी आहे. ज्यात भयंकर रक्तपात आहे तो शास्ते हा ग्रंथसुद्धा गीतरत्नापूर्वी येतो. जेरोमला धास्ती होती ती प्रेमकाव्याची.

आपल्या घरांतही असेच चालते. प्रेमप्रसंगाचे एक पान दिसले की पुस्तक जप्त होते, आणि माणसे किड्यामुंग्यांसारखी मारली जातात ते पुस्तक कपाटात निर्धास्त राहते. आपल्याला कशाची भीती वाटते आणि मुलाला कशाने इजा होते, या दोन गोष्टी एकच असतील असे नाही. म्हणून निर्णय देण्यापूर्वी पालकाने आपली भीती तपासून पाहावी.

आणखी एक गोष्ट विसरू नये. मराठीतील पहिली कादंबरी मानली जाणारी 'यमुनापर्यटन' (१८५७) ही बाबा पदमनजी या ख्रिस्ती लेखकाची. तिचा विषय विधवांची दुर्दशा. त्या काळी बालविवाहामुळे कित्येक मुली आज आपण ज्यांना किशोरी म्हणू अशा वयातच विधवा होत. ज्या दुःखाबद्दल वाचण्यास मुली लहान ठरतील, तेच दुःख भोगण्यास मात्र त्या लहान ठरल्या नव्हत्या.

२. पाणीवेशीपुढील सभा

आता नहेम्याच्या आठव्या अध्यायाकडे वळू या. सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी एज्रा शास्त्री पाणीवेशीपुढील चौकात पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो. ऐकणारे कोण? पुरुष, स्त्रिया आणि ऐकून समजू शकणारे सर्व (वचने २ व ३). वर्षांचा आकडा तेथे नाही. ज्याला समजते त्याने यावे, एवढीच अट आहे. जे समजते तेच पोषक होते आणि तेच दुखावूही शकते, हे त्या सभेच्या पुढाऱ्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी वाचन करून लोकांना वाऱ्यावर सोडले नाही.

त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, लेव्यांनी लोकांमध्ये राहून अर्थ उलगडून सांगितला (वचने ७ व ८). दुसरी गोष्ट आपण सहसा विसरतो. लोक ऐकून रडू लागले, तेव्हा नहेम्या, एज्रा व लेवी यांनी त्यांना शांत केले. जेवा, गोड प्या, ज्याच्याकडे काही नाही त्यालाही वाटा पाठवा, असे सांगितले (वचने ९ ते १२). म्हणजे वाचनानंतर अर्थ, आणि अर्थानंतर सांत्वन व जेवणाचे ताट. वाचक तयार आहे की नाही हे ठरवताना आपण फक्त वाचकाकडे पाहतो. पाणीवेशीपुढील तयारीत लेव्यांचाही वाटा होता.

३. तालमीतील शिस्त

इब्री लोकांस पत्राचा लेखक दूध व जड अन्न यांचा दृष्टान्त देतो. बाळाला जड अन्न पचत नाही, एवढाच अर्थ घेऊन आपण थांबतो. पण तेथील वाचकांना दोष दिला आहे तो अजूनही दूधच लागते याबद्दल! वाढ न होणे हाही दोषच.

चौदाव्या वचनात ज्ञानेंद्रियांच्या सरावाचा उल्लेख आहे. तेथील ग्रीक क्रियापद 'गुम्नाझो' हे आखाड्यातील आहे. 'जिम्नॅशियम' हा शब्द त्याच कुळातला. आपल्या भाषेत सांगायचे तर ही तालीम आहे. तालमीत नवा मुलगा आला की वस्ताद त्याला पहिल्याच दिवशी कसलेल्या मल्लासमोर उभा करीत नाही. आधी जोर-बैठका, मग बरोबरीची जोड. पण म्हणून त्याला वर्षानुवर्षे कडेला बसवून कुस्त्या बघायलाही लावीत नाही. आणि मुलगा मातीत उतरला की वस्ताद घरी निघून जात नाही.

ही तालीम कशासाठी? चांगले व वाईट ओळखता यावे म्हणून. वाचकाच्या तयारीची पहिली खूण येथे सापडते. वाईटाचे वर्णन निराळे आणि वाईटाचे समर्थन निराळे, हे ज्याला कळते तो काही अंशी तयार आहे. हे पाहण्याचा मार्ग सोपा आहे. मुलाने वाचलेल्या एखाद्या हलक्या गोष्टीविषयी विचारावे : यात कोणाचे चुकले? लेखकालाही ते चूक वाटते का? कशावरून? बारा वर्षांचा एखादा मुलगा याची नेमकी उत्तरे देतो आणि विशीतला एखादा तरुण गोंधळतो. पुस्तकाच्या पाठीवर छापलेले वय ही केवळ सूचना समजावी.

४. तामारेची कथा कशी सांगितली आहे

पवित्र शास्त्रात काळोख्या कथा आहेत हे आपण जाणतो. त्या कशा सांगितल्या आहेत हे मात्र आपण क्वचितच पाहतो. दावीदकन्या तामार हिची कथा (२ शमुवेल १३) भाषांतरकाराची परीक्षा घेते. एकदा तरुणांसाठी सुलभ भाषेत हा अध्याय तयार करताना आमच्यात चर्चा झाली. काहींचे मत पडले की शब्द मवाळ करावेत. तेव्हा एक भगिनी शांतपणे म्हणाल्या, "जिच्यावर असा प्रसंग आला आहे ती मुलगी हा अध्याय उघडील, तेव्हा तिला काय वाटावे? देवाच्या ग्रंथालाही तो बोलवेना असे?" आम्ही शब्द मवाळ केले नाहीत.

मूळ इब्री पाठात अत्याचाराचे वर्णन दोन-तीन शब्दांत संपते. बळजबरी स्पष्ट आहे, पण लेखक तेथे रेंगाळत नाही. तामारेचे बोलणे मात्र सविस्तर दिले आहे : तिचा नकार, तिने मांडलेला न्याय, तिची विनवणी. सतराव्या वचनात अम्नोन तिला हाकलून देण्यास सांगतो, तेव्हा तो तिचे नाव घेत नाही. इब्रीत 'स्त्री' हा शब्दही नाही, नुसते 'ही' आहे. एका सर्वनामात त्याचे सारे अंतःकरण उघडे पडते. पुढे अबशालोम तिला गप्प राहण्यास सांगतो, बाप दावीद संतापतो पण काही करीत नाही, आणि तामार भावाच्या घरी उजाड होऊन राहते. लेखक कोणाच्या बाजूने उभा आहे याविषयी शंका राहत नाही.

यातून पुस्तक पारखण्याची कसोटी मिळते. लेखणी कोठे रेंगाळते? पीडिताला बोलू दिले आहे काय? दुष्कृत्याचा परिणाम दाखवला आहे, की वाचकाला त्याची चटक लावली आहे? या कसोटीवर उतरत नाही ते पुस्तक प्रौढाच्याही कामाचे नाही. मग किशोराच्या तयारीचा प्रश्नच उरत नाही.

५. तीन कादंबऱ्या, तीन वाचक

कसोटीला उतरलेले पुस्तकही प्रत्येकाला सारखेच मानवते असे नाही. तीन ठळक उदाहरणे घेऊ.

पहिले, रॉबर्ट कॉर्मिअर या अमेरिकन कॅथोलिक लेखकाची 'द चॉकलेट वॉर' (१९७४). लेखकाच्या मुलाने शाळेसाठी चॉकलेटे विकण्यास नकार दिला होता. प्रत्यक्षात त्यातून काहीच वावगे घडले नाही; पण घडले असते तर, या विचारातून कादंबरी जन्मली. तिच्यातील शाळा कॅथोलिक आहे. जेरी नावाचा, आई नुकतीच गमावलेला मुलगा चॉकलेटे विकण्यास नकार देतो. शाळेतील गुप्त टोळी आणि एक धर्मबंधू शिक्षक मिळून त्याला चिरडतात, आणि शेवटी तो हरतो. शेवट बदलावा असे प्रकाशकांनी सुचवले, तरी कॉर्मिअर बधला नाही. अमेरिकेतील शाळा-ग्रंथालयांत या पुस्तकावर वारंवार आक्षेप घेतले गेले.

सत्याचा नेहमी लगेच विजय होतो, एवढ्याच आधारावर ज्या मुलाचा विश्वास उभा आहे, त्याला हे पुस्तक हादरवील. म्हणून ते देऊ नये काय? स्तोत्र ८८ आठवा. इब्रीत त्या स्तोत्राचा अखेरचा शब्दच 'काळोख' आहे. तेथे समाधानाची एखादी ओळ जोडावी असा मोह भाषांतर करताना होतो, पण तो अधिकार आपला नाही. मात्र स्तोत्र ८८ देवाला उद्देशून म्हटलेले आहे. काळोख बोलला जात आहे आणि ऐकणारा आहे. जेरीच्या पराभवाची कथा वाचणाऱ्या मुलालाही ऐकणारा कोणी हवा. 'जेरीच्या बाजूने कोणीच का उभे राहिले नाही? ख्रिस्ताचे नाव लावणाऱ्या शाळेत हे कसे घडले?' असे प्रश्न तो ज्याच्याकडे नेऊ शकतो असा वडीलधारा असेल, तर हे पुस्तक त्याला बळकट करील. नसेल तर थांबावे.

दुसरे उदाहरण लॉरी हॅल्स अँडरसन यांच्या 'स्पीक' (१९९९) या कादंबरीचे. तिची नायिका मेलिंडा नववीत आहे. तिच्यावर अत्याचार झाला आहे आणि ती जवळजवळ बोलेनाशी झाली आहे. चित्रकलेच्या तासातून तिला हळूहळू आपला आवाज परत मिळतो. त्या भगिनीने पिशवीतून काढलेले पुस्तक हेच होते. मी मधली दोन पाने चाळली आणि म्हणालो, "ताई, काढून घ्या. हे तिच्या वयाला योग्य नाही." मुलीने पुस्तक मुकाट्याने परत केले.

काही वर्षांनी, शिक्षण संपवून नोकरीस लागल्यावर, तिने माझ्या पत्नीजवळ मन मोकळे केले. तिच्यावर एका नातेवाइकाच्या घरी तामारेसारखा प्रसंग आला होता. आपल्याला जे झाले त्याला नाव आहे आणि ते बोलता येते, हे तिला त्या पुस्तकात प्रथम दिसले होते. ते काढून घेतले तेव्हा तिला एकच अर्थ कळला : हे बोलायचे नसते. अबशालोमाने तामारेला जे सांगितले तेच मी, शास्त्राचा अभ्यासक, तिला दुरून सांगितले होते. मी तिची क्षमा मागितली. तिच्या संमतीने, ओळख पटेल असे काहीही न सांगता, हे येथे लिहीत आहे. ती वाचण्यास तयार होती की नव्हती, हा प्रश्नच मी विचारला नव्हता. तिने ते पुस्तक का निवडले, हेही विचारले नव्हते.

तिसरे उदाहरण उलट दिशेचे. जे अ‍ॅशर यांच्या 'थर्टीन रीझन्स व्हाय' (२००७) या कादंबरीत जीव दिलेली एक मुलगी ध्वनिफितींतून आपल्या मृत्यूची तेरा कारणे सांगते. २०१७ साली नेटफ्लिक्सने त्यावर मालिका काढली. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातील अनेकांनी आक्षेप घेतले आणि २०१९ साली तिच्यातील मृत्यूचे दृश्य काढून टाकण्यात आले. स्थिर मनाच्या वाचकाला अशी कथा इतरांशी जपून वागण्यास शिकवू शकते. पण जो मुलगा किंवा मुलगी आज त्याच खाईच्या काठावर उभी आहे, तिच्या हाती ती देऊ नये. मरणाने आपले म्हणणे सर्वांना ऐकू जाईल, हा भास तिला ओढून नेऊ शकतो. येथे वयाने मोठा वाचकही तयार नसतो. त्याला पुस्तकाची नव्हे, माणसाची गरज असते. घरात असे कोणी असल्यास एकटे सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. शासनाची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे.

दुखावलेल्या वाचकाला त्याच्या दुःखाचे पुस्तक एकदा औषध ठरते व एकदा विष. 'स्पीक'मधील वाट मौनाकडून वाचेकडे जाते, तर दुसऱ्या कथेत वाचा मिळते ती मरणानंतर. जखम कोणती, ती किती ओली आहे, आणि कथा वाचकाला कोणत्या दिशेने नेते, हे पाहिल्यावाचून उत्तर देऊ नये.

६. वडीलधाऱ्यांसाठी पाच प्रश्न

१. पुस्तक मी स्वतः अथपासून इतिपर्यंत वाचले आहे काय? मधली दोन पाने चाळून दिलेला निकाल न्याय्य नसतो. नीतिसूत्रे १८:१३ याविषयीच बजावते.

२. हे पुस्तक त्याने का निवडले, हे मी दरडावणीविना विचारले आहे काय? पुष्कळदा उत्तर साधे असते : मैत्रिणींनी वाचले म्हणून. कधी ते साधे नसते.

३. नकोसे वाटल्यास पुस्तक मिटून ठेवण्याची मोकळीक त्याला वाटते काय? 'मला हे पुढे वाचवत नाही' असे म्हणू शकणारा वाचक पुष्कळ परिपक्व असतो. ज्याला झोप लागत नाही, जेवण जात नाही, तरी जो पुस्तक सोडू शकत नाही, त्याने सध्या थांबावे.

४. 'आता नको' असे सांगावे लागल्यास, केव्हा व कोणासोबत वाचता येईल हे मी सांगितले आहे काय? कारणाशिवाय केलेली मनाई मुलाला लपूनछपून वाचायला लावते, आणि मग तो त्या काळोखात एकटाच असतो.

५. वाचून झाल्यावर तो जे सांगेल ते ऐकण्यास मी तयार आहे काय? बाल शमुवेलाला रात्री मिळालेला संदेश भयंकर होता आणि तो एलीच्याच घराण्याविषयी होता. सकाळी तो सांगण्यास भ्याला. एलीचे पुष्कळ चुकले होते, पण त्या सकाळी त्याने योग्य तेच केले : माझ्यापासून काही लपवू नकोस, असे म्हटले आणि सगळे ऐकून घेतले (१ शमुवेल ३:१५-१८).

मुलाने अत्याचाराची गोष्ट सांगितली तर ती घराच्या किंवा मंडळीच्या अब्रूसाठी दाबू नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावरही मदत मिळते. दावीदाचा राग तामारेच्या काही उपयोगी पडला नाही, हे लक्षात ठेवू या.

प्रिय वाचकहो, ती भगिनी आज तोच प्रश्न घेऊन आली, तर मी म्हणेन : "ताई, पुस्तक आज रात्री तुम्ही वाचा. उद्या मुलीजवळ बसा आणि तिला काय वाटले ते विचारा. ती बोलेल तेव्हा मध्ये बोलू नका. मग दोघींनी मिळून ठरवा." पाणीवेशीपुढे रडणाऱ्यांजवळ लेवी थांबले होते. आपल्यालाही मुलांजवळ थांबण्याची कृपा प्रभू देवो.

मनन व चर्चेसाठी

१. नहेम्या ८:७-१२ मधील लेव्यांची कामे लिहून काढा. आपल्या घरी ती कोण करतो?

२. २ शमुवेल १३ मध्ये तामारेचे बोलणे कोणकोणत्या वचनांत आहे? ते वगळले तर कथा कोणाची होईल?

३. मागील वर्षात आपण मुलांना कोणते पुस्तक वाचू दिले नाही? त्यामागे मुलाची इजा होती, की आपली भीती?

४. आपल्या तरुण संघात एखादे कठीण पुस्तक एकत्र वाचायचे ठरल्यास कोणाला आधी विचारावे लागेल, आणि कोणाला त्यातून मोकळे ठेवावे लागेल?